तबकडी आणि समई

आमच्या घरी दिवस उजाडत असे तो अण्णांच्या षड्जाने. अण्णा म्हणजे माझे वडील. वेस्ट मांबलममधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, स्नान आटोपून, ओल्या केसांवरून पंचा गुंडाळून ते तंबोरा मांडीवर घेत आणि तारा जुळवीत. तमिळ देशात गायकाची पट्टी कट्टैने सांगतात. अण्णांची पट्टी, त्यांच्या भाषेत श्रुती, दीड कट्टै होती, आणि ती इतकी निश्चित होती की शेजारच्या घरातले, सनईसारखे नागस्वर वाजवणारे गृहस्थ आपले वाद्य त्यांच्या आवाजावरून तपासून घेत. मांबलम स्टेशनावरून गाडी निघाली की अण्णा थांबत आणि तिची धडधड विरल्यावर जिथे स्वर सोडला असेल तिथूनच तो पुन्हा उचलत. मागून स्वयंपाकघरातून कॉफीच्या बिया दळण्याची घरघर येई, आईच्या बांगड्यांचा आवाज येई, आणि खाली दूधवाला सायकलची घंटी वाजवी. दिवसा अण्णा एका कचेरीत कारकून होते. पण मांबलममध्ये आणि मैलापुरात त्यांना कारकून म्हणून कोणी ओळखत नसे. ते कीर्तनकार होते. तंजावराहून मद्रासला आलेल्या आमच्या घराण्याने बरोबर आणलेल्या मोजक्या वस्तूंपैकी एक म्हणजे ते कीर्तन होते.

आमच्या स्वयंपाकघरात एक नियम होता. तो सांगितल्यावाचून पुढचे काही कळणार नाही, म्हणून आधीच सांगतो. आई स्वयंपाक करताना काहीही चाखून पाहत नसे. आमटीचे मीठ ती बोटांच्या चिमटीने ठरवी, वांग्याच्या रसवांगीतला चिंचेचा कोळ वासावरून, आणि पायसाचा गोडवा दुधाच्या रंगावरून. देवाला दाखवण्याआधी जिभेला लागलेले अन्न उष्टे होते, ते नैवेद्याला चालत नाही. कधी मीठ जास्त पडे, कधी मुळीच पडत नसे. तसे झाले की अण्णा पानावर हसत आणि म्हणत, आज देवाने अळणी खाल्ले, आपण कोण तक्रार करणार. हाच नियम त्यांनी आपल्या आवाजालाही लावला होता. कीर्तन हा नैवेद्य; तो देवापुढे ठेवायचा, मग श्रोत्यांनी प्रसाद म्हणून घ्यायचा. म्हणून नवीन बसवलेले आख्यान ते घरात कोणाला ऐकवीत नसत. त्याचे पहिले उच्चारण देवळातच होई. लहानपणी मला हे अतिशय सुंदर वाटे. आजही वाटते. मात्र त्या सौंदर्याची मला थोडी भीतीही वाटते, आणि ती का वाटते हेच मला इथे लिहायचे आहे.

मी पाठशाळेतले संस्कृताचे अध्ययन संपवून टी. नगरमधल्या एका शाळेत शिकवू लागलो होतो, त्या सुमारास अण्णांच्या आवाजात एक बारीक खर शिरली. आधी ती कोणालाच ऐकू आली नाही. मग तारसप्तकात जाताना त्यांना मध्येच घोट घ्यावा लागू लागला. आईने हळद, मिरे, ज्येष्ठमध यांचे काढे सुरू केले आणि पहाटेच्या षड्जाआधी घरात गुळण्यांचा आवाज येऊ लागला. नेमक्या त्याच दिवसांत कोणा लहानशा कंपनीने तंजावरी कीर्तनाच्या तबकड्या काढण्याचे ठरवले आणि अण्णांना बोलावले. अण्णांनी दोन महिने विचार केला. देवळाबाहेर गाणे त्यांना पटत नव्हते. शेवटी, तबकडी तयार झाली की ती पहिल्यांदा देवापुढेच वाजवायची, असे स्वतःशी ठरवून ते गेले. कंपनी फार दिवस टिकली नाही. तबकड्या बाजारात आल्याच नाहीत. अण्णांच्या वाट्याला नमुन्याची एकच प्रत आली, तीही टपालाने, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेली. तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटांचे कीर्तन होते. दुसरी बाजू कोरी होती, आरशासारखी काळी आणि गुळगुळीत. मूळ ध्वनिमुद्रण कुठे गेले याचा पत्ता आम्हाला पुढे कधीच लागला नाही. ते पार्सल ज्या आठवड्यात आले त्याच आठवड्यात अण्णांना सरकारी इस्पितळात दाखल करून घेतले होते. स्वरयंत्र काढावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले होते. एवढेच आठवते की ते सांगताना डॉक्टर अण्णांकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते.

अण्णा घरी आले तेव्हा त्यांच्या गळ्याच्या पायथ्याशी एक भोक होते आणि त्यावर मलमलीचा चौकोनी तुकडा बांधलेला होता. श्वास तिथून ये-जा करी, आणि त्याचा बारीक शिट्टीसारखा आवाज येई. अण्णांचा आता तेवढाच एक आवाज होता. पहाटे ते पूर्वीसारखेच उठत, स्नान करीत, तंबोरा जुळवीत आणि छेडीत बसत. तारा वाजत राहत आणि त्यांच्यावर कोणी स्वर ठेवीत नसे. गाडी आली की ते थांबत. गाडी गेली की पुन्हा तारा छेडू लागत. आई स्वयंपाकघरात पाठ करून उभी राही. बोलण्यासाठी त्यांनी माझी लहानपणची पाटी काढून घेतली होती.

तबकडी होती, पण घरात ती वाजवायला काही नव्हते. अण्णांनी पाटीवर लिहिले, ‘विजयादशमीला.’ आमच्याकडे नवी विद्या विजयादशमीलाच आरंभतात, तेव्हा हा मुहूर्त मलाही योग्य वाटला. दीड महिना हाती होता. मी आईला म्हणालो की यंत्र मी घेतो. त्या दिवसापासून त्या यंत्राच्या निवडीला मी जसा लागलो, तसा पुढे माझ्या लग्नाच्या खटपटीलाही लागलो नाही. माझे कारण सरळ होते. ही एकच प्रत होती. चुकीचे यंत्र घेतले तर सुई त्या खाचा खरवडून काढील, आणि मग अण्णांचा आवाज दुसऱ्यांदा जाईल.

या कामात मला गुरू मिळाले ते केळकर. ते पुण्याहून बदलीवर आलेले, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ; त्यांच्याकडे कॅसेटचे यंत्र होते, दोन ध्वनिवर्धक होते, आणि या विषयावर तासभर बोलण्याची हौस होती. आमच्या तंजावरी मराठीची ते मनसोक्त थट्टा करीत. आई ‘सगळे’ म्हणायच्या जागी ‘अस्की’ म्हणे. केळकर म्हणत, “वहिनी, तुमचं अस्की ऐकलं की वाटतं, बखरीतलं कोणीतरी उठून मला जेवायला वाढतंय.” त्यावर आई म्हणे की बखरीतल्यांनी वाढलेले पुन्हा दोनदा मागून घेता, ते कसे. केळकरांनी मला पहिल्याच दिवशी शिकवले की स्वस्तातले, पेटीसारखे बंद होणारे प्लेअर पाहायचेसुद्धा नाहीत. त्यांची सुईची भुजा जड असते, ती उडू लागली की लोक तिच्या डोक्यावर नाणे चिकटवतात, आणि ते नाणे प्रत्येक फेरीला खाचेत नांगर धरते. परदेशी यंत्रे बंदराजवळच्या बाजारात मिळत, पण ती माझ्या वर्षाच्या पगारातही बसणारी नव्हती, आणि बिघडली तर त्यांचा भाग मिळण्याची खात्री नव्हती. राहता राहिली मधली वाट. देशात बनणारे, मध्यम किमतीचे, विश्वासाचे यंत्र. आणि घरातल्या जुन्या रेडिओच्या पाठीमागे जी दोन भोके असत, त्यांत त्याची तार जोडायची.

टी. नगरच्या एका गल्लीत, साड्यांच्या दोन दुकानांच्या मध्ये, मुत्तय्या नावाच्या वृद्ध गृहस्थांचे दुकान होते. ते रेडिओ दुरुस्त करीत आणि थोडी यंत्रे विकतही. बाहेर बसचे कर्णे, रिक्षांची भांडणे, जरीच्या साड्या घेऊन निघालेली लग्नघरची माणसे. आत तारा झाळण्याच्या रोझिनचा वास आणि मुत्तय्यांचा बोलण्याआधीचा दीर्घ विराम. मी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसे. त्यांनी मला यंत्राची परीक्षा कशी करायची ते शिकवले. तबकडी न ठेवताच यंत्र सुरू करायचे आणि लाकडी बैठकीला कान लावायचा; चाकाला चाक घासून फिरणाऱ्या यंत्रात दूरच्या मेघासारखी घरघर ऐकू येते, पट्ट्यावर फिरणाऱ्यात ती येत नाही. मग बटण बंद करायचे आणि फिरते ताट आपोआप थांबेपर्यंत पाहत राहायचे. जे अडखळत थांबते ते घ्यायचे नाही. मग रेघा काढलेली कागदी चकती ताटावर ठेवून ट्यूबलाइटखाली पाहायचे. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. मी विचारले की संध्याकाळी आमच्या भागातली वीज मंद होते, तेव्हाही त्या उभ्या राहतील का. त्यांनी चकती उचलून बाजूला ठेवली आणि तमिळमध्ये, धाकट्या भावाला हाक मारावी तसे म्हणाले, “तंबी, लोक विचारतात की आवाज मोठा येईल ना. श्रुती राहील का, हे विचारणारा तू पहिला.”

मग मी तीन वेगवेगळ्या वेळी गेलो. सकाळी, भर दुपारी, आणि दिवेलागणीला, जेव्हा दुकानातला बल्ब तांबूस होई. अण्णांची श्रुतिपेटी पिशवीत घालून नेली आणि दुकानातली एक नागस्वराची तबकडी तीनही वेळी त्या पेटीशी ताडून पाहिली. तीन यंत्रांपैकी दोन संध्याकाळी उतरली. तिसरे उतरले नाही. ते दिसायला साधे होते, सागाच्या रंगाच्या बैठकीचे. त्याच्या भुजेच्या मागे एक वजन होते आणि ते फिरवून सुईचा भार कमी-जास्त करता येई. मुत्तय्यांनी ती भुजा तर्जनीने उचलली आणि सोडली, आणि ती उंबराचे पान पाण्यावर टेकावे तशी टेकली. माझे दोन महिन्यांचे पगार त्यात गेले. ते मला आजही योग्य वाटतात, कारण त्या यंत्राने कधीही दगा दिला नाही. जे झाले त्यात त्याचा काही दोष नव्हता.

विकत घेण्याच्या दिवशी मी अण्णांची तबकडी बरोबर नेली होती, एवढ्यासाठीच की ती ताटावर नीट बसते का ते पाहावे. मुत्तय्यांनी ती दोन्ही तळव्यांच्या मधोमध धरली, उजेडात तिरपी केली आणि म्हणाले की प्रत्येक तबकडीचा भार वेगळा मागावा लागतो, दोन मिनिटे वाजवून बघू. मी नाही म्हणालो. देवापुढे पहिल्यांदा वाजायची आहे, त्याआधी नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी तबकडी परत पाकिटात सरकवली आणि सावकाश म्हणाले, “बरं. पण एक लक्षात ठेव. ही मेणाची धाकटी बहीण आहे. उभी ठेव, तिरकी नको. ऊन नको, आच नको. एकदा वाकली की कोणाचं ऐकत नाही.” मी मान डोलावली. मला वाटते, त्या महिनाभरात मी ऐकलेले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते, आणि मी ते मनात नेमके उतरवूनही घेतले होते. विसरलो असतो तर कदाचित आजचे लिहिणे सोपे झाले असते.

यंत्र घरी आले. अण्णांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, ‘श्रुती?’ मी म्हणालो, “शुद्ध आहे अण्णा, संध्याकाळीसुद्धा.” त्यांनी ताटावर हात ठेवला आणि तो ताटाबरोबर एक फेरी फिरू दिला. नवमीच्या आदल्या दिवशी केळकर खाली आले. त्यांनी भुजेचा भार लावून दिला आणि मग, नेहमीच्या थट्टेच्या सुरात नव्हे, जरा खाली पाहत म्हणाले की एकच प्रत आहे, तर आजच यंत्रासकट ती वर आणा, मी कॅसेटवर उतरवून घेतो. कोणी ऐकायचेही नाही, ध्वनिवर्धक बंद ठेवतो. हा मार्ग मला निर्दोष वाटला. मी अण्णांकडे पाहिले. त्यांनी पाटी ओढून घेतली. अक्षरे एरवीपेक्षा मोठी होती. ‘नैवेद्य आधी दुसऱ्या भांड्यात काढत नाहीत.’ केळकरांनी ते वाचले आणि म्हणाले, “बुवा, तुमच्यापुढे बोलायचं म्हणजे मला प्रत्येक वेळी शिक्षा.” अण्णा हसले. मलमलीच्या तुकड्याखाली श्वास दोनदा शिट्टीसारखा वाजला. मीही हसलो.

नवमीला आमच्याकडे सरस्वतीची पूजा होते. मद्रासमध्ये त्या दिवशी जो तो आपल्या कामाची साधने देवापुढे मांडतो. शिंपी यंत्र मांडतो, रिक्षावाला रिक्षालाच गंध लावतो. आम्ही ग्रंथ मांडीत असू, अण्णांचा तंबोरा, झांजा, चिपळ्या, आईची विळी. त्या वर्षी मध्यभागी नवे यंत्र होते. तबकडी मी पाकिटासकट उभी ठेवली. आई म्हणाली, “झाकून ठेवून कोणी नैवेद्य दाखवतं का रे?” तिचे म्हणणे शास्त्राप्रमाणे बरोबर होते, नैवेद्याच्या वेळी पात्रावरचे झाकण काढतात. मी तबकडी बाहेर काढली आणि चौरंगावरच्या भागवताच्या जाड खंडांना टेकवून ठेवली. खाचांत चंदन जाऊ नये म्हणून कोरी बाजू पुढे केली. आईने मधल्या कागदावर चंदनाचे बोट टेकवले, त्यावर कुंकू लावले. दोन्ही बाजूंना हातभर उंचीच्या पितळी समया होत्या, पाच-पाच वातींच्या, तंजावरहून आलेल्या. एरवी त्यांत एकच वात लागे. त्या दिवशी सगळ्या लागल्या. कापूर झाला, आरती झाली. त्यानंतरचा नियम असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी पुनःपूजा होईपर्यंत मांडलेल्या कशालाही हात लावायचा नाही. एक अक्षरही वाचायचे नाही, एक तारही छेडायची नाही. समया विझू द्यायच्या नाहीत.

संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या. घरभर उकडलेल्या हरभऱ्यांच्या सुंडलाचा, खोबऱ्याचा, मोगऱ्याचा वास होता. ऑक्टोबरातले मद्रास, पाऊस अजून यायचा होता, हवा हलत नव्हती, आणि वाती सरळ उभ्या होत्या. केळकरांच्या पत्नी नमस्कार करून उठताना थबकल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, रेकॉर्ड समईच्या फार जवळ नाही का?” आई त्यांच्या हातावर सुंडल घालीत होती. ती म्हणाली, “देवाच्या पुढं आहे ती.” प्रश्न तिथेच संपला. मी भिंतीशी बसून स्तोत्र म्हणत होतो. समोर तबकडीच्या कोऱ्या बाजूत उजव्या समईची ज्योत दिसत होती. दुपारी मी ती पाहिली होती तेव्हा ती सुतासारखी सरळ होती. एक सोनेरी रेघ, वरपासून खालपर्यंत. आता पाहिले तर ती रेघ वरच्या टोकाशी किंचित वळली होती.

मला कळले. हे मी स्वच्छ लिहून ठेवतो, कारण इतकी वर्षे मी ते स्वतःलाही नीट सांगितलेले नाही. मला तत्क्षणी कळले. मुत्तय्यांचे वाक्य त्यांच्या आवाजात माझ्या कानात उमटले. समई चार बोटे सरकवायची, एवढेच काम होते. किंवा तबकडी उचलून बाजूला ठेवायची. माझा हात गुडघ्यावरून उठला. मग तो परत गुडघ्यावर आला. मांडलेल्याला हात लावायचा नाही. दोनच दिवसांपूर्वी शाळेतल्या मुलांना मी हा नियम समजावून सांगितला होता आणि त्याचे फार चांगले विवरण केले होते. जे देवापुढे ठेवले त्याची काळजी देव घेतो, असे मी त्यांना म्हणालो होतो. मी अण्णांकडे पाहिले. ते डोळे मिटून बसले होते. मलमल वर-खाली होत होती. आई समईत तेल घालायला वाकली. ज्योत मोठी झाली आणि काळ्या आरशातली ती रेघ विळ्यासारखी दिसू लागली. मी डोळे मिटले आणि स्तोत्र जरा मोठ्याने म्हणू लागलो.

विजयादशमीच्या सकाळी पुनःपूजा झाली आणि आईने तबकडी उचलून माझ्या हातात दिली. तिची कड समुद्राच्या लाटेसारखी वर-खाली झाली होती. आईने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, “असंच असतं का ते?” केळकर यंत्राजवळ उभे होते. अण्णांनी तबकडी बघितली, आणि हाताने खूण केली, लावा. केळकरांनी ती ताटावर ठेवली, यंत्र सुरू केले आणि सुई कडेला टेकवली. भुजा वर गेली, खाली आली, वर गेली. मद्रासजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावरून सुटणारी होडी पहिल्या लाटांवर जशी फेकली जाते तशी. मग एक करकरीत आवाज आला आणि सुई घसरून मधोमध गेली. केळकरांनी भार वाढवला, कमी केला. प्रत्येक वेळी तसेच. शेवटी ते गुडघ्यांवर बसले आणि सुई खूप आत, कागदाच्या जवळ, जिथे लाट संपत होती तिथे त्यांनी अतिशय हळू टेकवली. यंत्र मी निवडले होते. ते टिकले. भुजा हलकेच डोलत राहिली, पण खाच सोडली नाही.

अण्णांचा आवाज आला. श्रुती शुद्ध होती. तो कीर्तनाचा शेवटचा भाग होता, मंगल. तीन किंवा चार मिनिटे. आईने पदर तोंडाला लावला. अण्णांचा हात मांडीवर ताल धरू लागला होता. पण मंगल म्हणजे तारसप्तकात जाणारा भाग, आणि तिथे पोचताना आवाजात ती खर होती. घरात ती आम्हाला एवढी कधी जाणवली नव्हती, आता मात्र त्या स्वच्छ यंत्रातून ती सुस्पष्ट ऐकू येत होती. दोनदा स्वर फाटला, एकदा मध्येच घोट ऐकू आला. त्याच्या आधीची सोळा मिनिटे, जिथे तो आवाज अजून आमचा, पहाटेचा होता, ती लाटांमध्ये होती. जे राहिले त्यात आजार आधीच बोलू लागला होता. अण्णांचा ताल थांबला. सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली. तिचा आवाज आणि मलमलीखालचा आवाज काही वेळ एकत्र येत होता.

केळकर वर गेल्यावर अण्णांनी मला खुणेने जवळ बसवले आणि पाटी घेतली. त्यांनी लिहिले, ‘काल दिसलं होतं?’

मी खोटे बोलू शकलो असतो. मी मान हलवली. हो.

त्यांनी अक्षरे तळव्याने पुसली, पुष्कळ वेळ पुसली, आणि मग लिहिले, ‘मीही हात लावला नसता.’

मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्या वेळी मला वाटले की मला क्षमा मिळाली. इतकेच नव्हे, मी योग्य केले. वर्षे गेली तसे ते वाक्य माझ्या मनात जागा बदलत राहिले. आता माझे वय त्या दिवसाच्या अण्णांच्या वयापेक्षा बरेच पुढे गेले आहे. मी अजून नवमीला ग्रंथ मांडतो, आणि मांडलेल्याला हात लावत नाही. माझी श्रद्धा कमी झालेली नाही. मात्र समया कुठे ठेवायच्या हे मी दोनदा पाहतो, आणि नातवंडांनी विचारले की आजोबा, एवढ्या लांब का, तर काहीतरी उत्तर देतो.

अण्णांनी नंतर दोन नवरात्रे पाहिली. तबकडी त्यांनी पुन्हा वाजवू दिली नाही. भागवताचे ते जाड खंड त्यांनी आपल्या बैठकीशेजारी एकावर एक रचले आणि सगळ्यांत खाली, जमिनीवर, तबकडी ठेवली. रोज पहाटे, तंबोऱ्याच्या आधी, ते खंड एकेक करून उतरवीत, तबकडी डोळ्यांसमोर आडवी धरून पाहत, आणि पुन्हा खाली ठेवून वर खंड रचीत. ग्रंथ उतरवण्याचा तो धप धप आवाज आमच्या घरातला पहाटेचा नवा आवाज झाला. आम्ही अस्की तो ऐकत असू.  हात न लावणारे अण्णा दोन वर्षे, एकही दिवस न चुकता, त्या तबकडीला हात लावीत होते.

त्यांचे तेरा दिवस झाल्यावर मी ते खंड उतरवले. तबकडी होती तशीच होती. तिच्यावरचा, सर्वांत खालचा खंड मात्र बदलला होता. त्याच्या पुठ्ठ्याने तिचा बाक घेतला होता. मी पारायणाला आजही तोच खंड वापरतो. तो चौरंगावर सपाट बसत नाही, पान उलटले की डुलतो. वाचताना एक हात त्यावर ठेवूनच बसावे लागते.